सुतकातलं पाणी

आई गेली त्या दिवशी स्मशानातून परतलो तेव्हा घरात प्यायला पाणी नव्हतं. शेजारच्या काकूंनी रीतीप्रमाणे हंडे, कळशा, माठ सगळं अंगणाच्या कडेला ओतून पालथं घालून ठेवलं होतं. नवीन पाणी भरायचं तर देवळाच्या विहिरीवर जाता येत नव्हतं. त्या विहिरीचं पाणी ग्रामदेवतेच्या स्नानाला लागतं, आणि सुतक असलेल्या घरानं दहा दिवस तिच्या रहाटाला हात लावायचा नाही अशी आमच्या वाडीची रीत आहे. नळाचे पाइप अंगणापर्यंत आले आहेत. त्यांतून पाणी अजून आलेलं नाही.

काकू आमच्या भावकीतल्या नाहीत, त्यामुळे त्यांना सुतक नव्हतं.

"मी आणून ओतते की दारात," त्या म्हणाल्या.

"नको वहिनी," बाबा म्हणाले. "देवाचं पाणी दहा दिवस या घरात नको."

मग मी कळशी घेऊन बागेतल्या विहिरीवर गेलो.

ही विहीर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, आमच्या कलमांच्या बागेत आहे. आजोबांनी ती झाडांना पाणी घालण्यासाठी खणली. तिचं पाणी कुणी पीत नाही. त्याला लोखंडाचा वास येतो आणि भांड्यात थोडा वेळ राहिलं की तळाशी तांबूस साका बसतो. पऱ्याच्या त्या बाजूला घर नाही, वस्ती नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला नुसता सडा, उघड्या कातळाचं पठार, आणि करवंदीच्या जाळ्या. पोहरा खाली सोडला तेव्हा तो पाण्याला लागल्याचा आवाज फार उशिरा आला असं मला वाटलं. कदाचित त्या दिवशी सगळंच उशिरा होत होतं.

दहा दिवस आम्ही दोघं तेच पाणी प्यायलो. मी ते दुहेरी फडक्यातून गाळत असे. उकळायचं आमच्या मनातही आलं नाही.

त्या पाण्याचा चहा काळा होतो. दूध घातलं तरी राखाडीच राहतो. काकू सकाळी जेवणाचा डबा घेऊन यायच्या. सुतकाच्या घरातलं काही घ्यायचं नसल्यामुळे उंबऱ्याशीच बसायच्या आणि माझ्या हातातल्या कपाकडे बघायच्या.

"हा चहा केलास की शाई रे?"

"आम्हा पुस्तकवाल्यांना शाई चालते, काकू."

"तुला चालेल. भावोजींना कशाला पाजतोस?"

बाबा हसले. आई गेल्यावर ते प्रथमच हसले, आणि मग काहीतरी चुकल्यासारखं खाली बघत राहिले.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. राजापूरपासून दापोलीपर्यंत त्यांनी गाड्या चालवल्या आणि प्रत्येक थांब्यावरचं पाणी चाखलं. सावर्ड्याला कुठल्या घरचं पाणी गोड लागतं, राजापुरात नदीकाठची कुठली विहीर मचूळ आहे, कुठल्या स्टँडवरच्या पाण्यानं घसा धरतो, हे सगळं त्यांना अजूनही विचारावं. "पाणी डोळ्यांनी बघू नये, जिभेनं बघावं," असं ते म्हणत. आणि एवढ्या सगळ्या पाण्यांत आमच्या देवळाच्या विहिरीसारखं पाणी नाही, हा त्यांचा शेवटचा निकाल. गावातही तो निकाल मानला जाई. मुंबईहून मे महिन्यात आलेली मंडळी परत जाताना त्या विहिरीचे कॅन भरून नेत आणि बाबा त्यांना कॅन कसा घासायचा ते सांगत.

आईचे गुडघे गेल्यापासून तिला देवळाच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. बाबाच पाणी आणत. कळशी खांद्यावरून उतरवली की पहिला तांब्या तिला देत, आणि ती पिऊन होईपर्यंत समोर उभे राहत. मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. शनिवारी घरी गेलो की हे दृश्य हमखास बघायला मिळे. त्या दोघांमध्ये बोलणं कमी होतं. जे होतं ते या तांब्यात होतं.

पावसाळा संपत आला तेव्हा तिचं पोट बिघडलं. बाबांचंही बिघडलं होतं, पण ते काय, पावसाळ्यात होतंच. बाबा अधूनमधून सावरले. ती सावरली नाही. पेज, मग सलाईन, मग शहरातलं हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले की वय आहे, साखर आहे, अंगातलं पाणी फार गेलं, मूत्रपिंडांना झेपलं नाही. भातकापणी सुरू झाली त्या आठवड्यात ती गेली.

सुतकातल्या मधल्या एका दिवशी माझ्या लक्षात आलं की बाबा दुपारी शांत झोपतात. आधी त्यांना जेवल्यावर लगेच परसाकडे जावं लागायचं. पोट धरून बसायचे. आता ते थांबलं होतं. रंग सुधारला होता. घरातलं माणूस गेल्यावर जेवण जात नाही म्हणतात. बाबांची भूक वाढली होती. भात पुन्हा मागताना ते माझ्याकडे बघत नसत. मला तेव्हा बरंच वाटलं. त्यापलीकडे मी विचार केला नाही.

दहावं झालं, सुतक फिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून देवळाच्या विहिरीवर गेले. कळशी भरून आणली, एक तांब्या आईच्या तसबिरीपुढे ठेवला आणि एक स्वतः प्यायले. तोंड पुसून म्हणाले, "सुटलो एकदाचे त्या लाल पाण्यातून."

आठवडा गेला नसेल, मी शनिवारी घरी आलो तर बाबा पडवीत पाय पोटाशी घेऊन आडवे झाले होते.

"काय झालं?"

"काही नाही. पोट जरा."

मी आत जाऊन हंड्यातलं पाणी बघितलं. इतकं नितळ की तळाचं तांबं स्पष्ट दिसत होतं. वास नाही, साका नाही. दहा दिवस एक पाणी, नंतर दुसरं, आणि बाबांचं पोट. ही तिन्ही मला शेजारी शेजारी ठेवायची नव्हती. कारण पाणी वाईट आहे असं एकदा म्हटलं की त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न दारात उभा राहणार होता: आईला ते पाणी रोज कुणी दिलं? बाबांना सांगावं तर हे सांगावं लागणार. न सांगावं तर ते पीत राहणार, आणि आईच्या वाटेनं जाणार.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना मी विचारलं. पाणी कसं तपासायचं, एवढंच. आईचं काही बोललो नाही.

"विहीर तपासायची म्हणजे आधी बाटली काढायची नाही," त्या म्हणाल्या. "विहिरीच्या वर काय आहे ते चालून बघायचं. तुमच्याकडे जांभा दगड आहे ना? मग लांबपर्यंत चाला."

मी चाललो. देवळाच्या मागून चढ सुरू होतो आणि वर सड्याच्या काठाला पोचतो. माझ्या लहानपणी तिथे गवत आणि गुरं होती. आता मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांनी आईवडिलांसाठी बांधलेली स्लॅबची घरं आहेत, रंगीत, समोर तुळस, मागे संडास. जांभा खणायला अवघड, म्हणून शोषखड्डे उथळच. एका घरातले गृहस्थ बाहेर आले, ओळख निघाली, आईचं ऐकून हळहळले. बोलता बोलता मी खड्ड्याचं विचारलं.

"आमचा खड्डा कधी भरतच नाही," ते कौतुकानं म्हणाले. "इतकी वर्षं झाली, पाव्हणेरावळे, गणपतीला घर भरलेलं, पण एकदाही उपसावा लागला नाही. जमीन चांगली आहे आमची."

मी त्यांच्या अंगणातून खाली बघितलं. कळस दिसत होता, त्याच्या बाजूला विहिरीचा गोल काठ. एक बाई रहाट ओढत होती. उतरताना वाटेवरच्या गडग्यातला, दगडी बांधातला, प्रत्येक चिरा मला वेगळा दिसू लागला. जन्मभर बघितलेला दगड. भोकंच भोकं, एकातून दुसऱ्यात जाणारी. ग्रंथालयात परतल्यावर मी वाचलं ते तेच होतं: माती आणि वाळू पाणी हळूहळू गाळतात, जांभ्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून ते न गाळताच, झपाट्यानं खाली येतं. जे वरून जातं तेच खाली पोचतं. फक्त दिसायला नितळ होऊन.

मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला की विहिरीचं पाणी तपासून घ्यावं. त्यांनी हरकत घेतली नाही. नमुना घ्यायला माणूस अमुक दिवशी येईल असं ठरलं, आणि ते गावाला कळलं.

शिमग्याला पालखी यायची असली की आमच्याकडे वाट झाडतात, गडगे नीट करतात, अंगणं सारवतात. तसंच झालं. आदल्या दिवशी वाडी विहिरीवर जमली. काठावरचं शेवाळ खरवडलं. आजूबाजूचं गवत काढलं. पंप लावून निम्मी विहीर उपसली. पंचायतीचा पाण्यात जंतुनाशक पावडर टाकणारा माणूस एरवी जपून, बेतानं पावडर घालतो, कारण जरा जास्त झाली की चव बिघडली म्हणून पहिली तक्रार बाबांचीच असते. त्या दिवशी त्यानं बादलीत कालवून भरपूर ओतली. काकूंनी काठावर रांगोळी काढली. बाबा पोट सांभाळत कट्ट्यावर बसून सूचना देत होते.

"बाबा, पाणी आहे तसंच बघू द्या ना त्यांना," मी म्हणालो.

"आहे तसंच म्हणजे?"

"रोज असतं तसं."

"मेल्या, पाव्हणा यायचा तर घर झाडायचं की नाही? की दाखवायचा त्याला केर?"

सगळे हसले. यात फसवणूक कुणाच्याच मनात नव्हती. गावाची विहीर परका माणूस बघणार, तर ती चांगली दिसायला हवी, इतकंच त्यांच्या डोक्यात होतं. मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. आलेल्या माणसानं नमुना घेतला, चहा घेतला, रांगोळीचं कौतुक केलं आणि गेला. पाणी पिण्यास योग्य असल्याचा कागद काही दिवसांनी आला. तो देवळाच्या खांबाला चिकटवला. बाबांनी तो मला बोट ठेवून वाचून दाखवला.

"तो नमुना पाण्याचा नव्हता, पावडरीचा होता," मी म्हणालो.

"तू शिकलास ते बरं केलंस," बाबा म्हणाले. "पण सरकारी कागदालाही खोटं म्हणायला लागलास."

पावडरीचा वास गेला तसे ते पुन्हा तेच पाणी पिऊ लागले, आता जरा जास्तच विश्वासानं. मी फोनवर रोज विचारायचो. बरा आहे, म्हणायचे. काकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "बरे कसले? धोतर सैल झालंय, कमरेला सुतळी बांधतात. शोक आहे रे, दुसरं काय." मला माहीत होतं की तो शोक नाही. किंवा नुसता शोक नाही.

रसायनशास्त्राच्या बाईंनी मला दोन लहान बाटल्या दिल्या. आत तळाशी औषध लावलेलं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेच्या जागी ठेवायचं. मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. "काळं पडलं म्हणजे शंका घ्यायला जागा आहे," त्या म्हणाल्या. "आणि नाही पडलं म्हणून निर्धास्त राहू नका. पुन्हा पुन्हा बघावं लागतं."

शनिवारी मी दोन्ही विहिरींचं पाणी भरलं, चिठ्ठ्या लावल्या आणि बाटल्या चुलीमागच्या फळीवर ठेवल्या. लपवून ठेवायच्या होत्या, पण आमच्या स्वयंपाकघरात तशी जागा नाही.

"काय ठेवलंस ते?"

"पाणी. एक बागेतलं, एक देवळाचं. जे वाईट असेल ते काळं होईल."

बाबांनी वाकून बघितलं. "बागेतलं होईल. ते आधीच लाल आहे. अर्धी वाट चालून गेलंय." स्वतःच्या विनोदावर ते खोकेपर्यंत हसले.

रविवारी दुपारी देवळाच्या पाण्यात तळाशी धूर साचल्यासारखं दिसू लागलं. बाबा पाणी प्यायला आत आले तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. संध्याकाळी दिवा लावायला गेलो तर ते फळीसमोर पाट घेऊन बसले होते. एक बाटली होती तशी होती, किंचित पिवळट. दुसरी काजळीसारखी काळी.

त्यांनी ती काळी बाटली उचलली, उजेडाकडे धरली, चिठ्ठी वाचली.

"बदलल्या नाहीस ना चिठ्ठ्या?"

"नाही."

"नाही. तू नाही बदलायचास." त्यांनी बाटली परत ठेवली, अगदी नीट, जिथे होती तिथे. "बागेतलं पीत होतो तेव्हा मला बरं वाटत होतं. मला वाटलं, मी निर्लज्ज आहे. ती गेली नि मला भूक लागतेय."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"तिला उकळून द्या, असं नर्स म्हणाली होती," ते म्हणाले. "मीच म्हटलं, उकळलं की गोडी जाते."

"बाबा, आई नक्की कशानं गेली ते कुणालाच माहीत नाही. तिला साखर होती. डॉक्टर म्हणाले ना?"

"साखर तिला मी दिली नव्हती," बाबा म्हणाले. "पाणी दिलं."

मग त्यांनी हंडा उचलला, मागच्या दारानं बाहेर नेला आणि केळीच्या बुंध्यापाशी ओतला. मला मदत करू दिली नाही.

मला हवं होतं ते झालं होतं. सोमवारपासून ते बागेतलं पाणी आणू लागले, उकळून पिऊ लागले, आणि पंधरवड्यात त्यांचं पोट ताळ्यावर आलं. फक्त आईबद्दल बोलणं त्यांनी बंद केलं. तिच्या तसबिरीपुढे ते आता पाणी ठेवत नाहीत.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. सकाळी देवळाच्या विहिरीवर जाऊन कट्ट्यावर बसू लागले आणि येणाऱ्या बायकांना सांगू लागले की हे पाणी प्यायला नेऊ नका, नेलंत तर उकळा. मी एका रविवारी बरोबर गेलो होतो. काकू कळशी भरत होत्या.

"भावोजी, इतकी वर्षं या पाण्याचं कौतुक आम्हाला कुणी सांगितलंन? तुम्हीच ना?"

"मीच."

"मग आता काय झालं? चव बदलली?"

"चव तीच आहे वहिनी. तीच तर भानगड आहे."

"आणि हा कागद?" त्यांनी खांबाकडे हात केला.

काकूंनी कळशी कमरेवर घेतली आणि जाता जाता माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, "थोडे दिवस शहरात घेऊन जा रे त्यांना. बायको गेली की पुरुषमाणसाचं असं होतं."

"काकू, तुम्ही तरी उकळा."

"उकळते हो, उकळते," त्या म्हणाल्या, लहान मुलाची समजूत घालावी तसं.

मी पंचायतीत पुन्हा अर्ज दिला. या वेळी लिहिलं की नमुना घ्यायची तारीख गावाला आधी कळवू नये. तिथले कारकून अर्ज वाचून गोंधळले. "न कळवता कसं यायचं? विहिरीवर कुणीतरी हजर नको?" अजून तरी कुणी आलेलं नाही. वरच्या बाजूला आणखी एका घराचा पाया खणला आहे.

मी रोज संध्याकाळी फोन करतो. आज पाणी कुठलं प्यायलात, हा पहिला प्रश्न. बागेतलं, उकळून, हे उत्तर. मग बाकीचं. परवा त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, "वहिनी विहिरीवर दिसल्या नाहीत म्हणून बघायला गेलो होतो. पोटानं धरलंय. निजूनच आहेत. डोळे आत गेलेत. तुझ्या आईसारखे."

"डॉक्टरकडे नेलं का?"

"मुलगा येतोय मुंबईहून. उद्या नेतील."

"आणि पाणी?"

"तेच सांगायला गेलो होतो." ते म्हणाले. "मला आलेलं बघून वहिनी उठली रे. नको नको म्हणतोय तोवर भिंतीला धरत आत गेली. तांब्या भरून आणलान, वर गुळाचा खडा ठेवलान. दोन्ही हातांनी पुढे केलान. त्या हातातला तांब्या मी काय परत करू? तुझ्या पाण्यानं तू मरशील, असं तिला सांगू?"

"बाबा."

"प्यायलो," ते म्हणाले. "सगळा नाही."

त्याला आज दुसरा दिवस. काकूंना शहरातल्या हॉस्पिटलात आणलं आहे, मी सकाळी जाऊन बघून आलो. सलाईन चालू आहे, ओळखतात, पण बोलत नाहीत. मघाशी बाबांना फोन केला. बरा आहे, म्हणाले. आवाज खोल गेल्यासारखा वाटला. आमच्याकडे रेंज नसली की असंही होतं. जेवलात का, विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मी उद्या पहिल्या गाडीनं जातो आहे.